गिरावीनचं पत्र : खाली देऊळ, वर चर्च



आमच्या गिरावीनचा अर्थ ‘फुलांची जागा’. नाव इथल्या मूळ लोकांच्या बोलीतलं. त्यांची वस्ती हटली, नाव तेवढं राहिलं. मुंबईला गेलो तेव्हा असंच काहीसं पुन्हा पाहिलं.

एका रविवारी नातवंडांना घेऊन आम्ही बोरिवलीची मंडपेश्वर गुंफा बघायला गेलो. पूजेला नाही हं, बघायला! चारी बाजूंना बिल्डिंगा, रिक्षांची पोंपों, आणि मध्येच कातळात कोरलेलं सुमारे दीड हजार वर्षांचं शिवाचं देऊळ. आत नाचणारा नटराज आहे, पण बराच मोडलेला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्री आले, त्यांनी गुंफेचंच चर्च केलं आणि वर डोंगरावर मोठी इमारत बांधली. आज तिच्याही नुसत्या भिंती उभ्या आहेत. बाजूच्या कातळात क्रूस कोरलेला दिसतो. खाली मात्र पुन्हा दिवा लागतो, पूजा होते.

थोरला नातू म्हणाला, “आजोबा, मेक्सिको सिटीतही असंच आहे, शाळेत शिकलो.” खरंच की! स्पॅनिश लोकांनी 1521 मध्ये अ‍ॅझ्टेकांचं शहर जिंकलं, त्यांचं मोठं देऊळ पाडलं आणि त्याचे दगड नव्या शहराला वापरले. पुढे 1978 मध्ये वीज कंपनीचे कामगार रस्ता खणत होते, तर तीन मीटरहून रुंद असा देवीचा गोल दगड लागला. मग सगळं देऊळच उकरून काढलं. शेजारीच कॅथेड्रल उभं आहे.

धाकटीनं विचारलं, “आजी, आपलं देऊळ कुणी तोडलं का?”

आम्ही दोघं गप्प. मग सांगितलं, “नाही गं बाळा. कोकणात आपल्या मशिदीला कुणी हात लावला नाही. आपणच निघून आलो.”

दुसऱ्या दिवशी मुलांना अलिबागला नेलं. इस्राएल आळीत ‘मागेन अबोथ’ उभी आहे. आपली घरं आता बोटांवर मोजण्याइतकी. मिन्यानला दहा जण जमवायचे म्हणजे धावपळच. पण दार उघडलं, मुलांनी मेझुझाला हात लावून बोटं ओठांना लावली, आणि आमचे डोळे भरून आले.

मंडळी, देऊळ पाडल्यानं मोडतं, तसं कुणी न गेल्यानंही मोडतं. मायदेशी जाल तेव्हा एक दिवस गावच्या मशिदीसाठी ठेवा. मुलांना न्याच!