वकिलाचा सल्ला चुकला, तर भरपाई कोणाकडे मागायची?

वकिलाच्या सेवेत खोट राहिली म्हणून अशिलाला ग्राहक आयोगात जाता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. न्या. बेला त्रिवेदी आणि न्या. पंकज मिथल यांच्या खंडपीठाने राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००७ चा उलट निर्णय रद्द केला. आपल्या वस्त्यांमध्ये या निकालाची फारशी चर्चा झाली नाही. व्हायला हवी होती.

न्यायालयाचे म्हणणे असे की, वकील कसे काम करतो यावर अशिलाचे बरेचसे थेट नियंत्रण असते. म्हणून हा 'वैयक्तिक सेवेचा' करार ठरतो आणि अशी सेवा ग्राहक कायद्याबाहेर आहे. दिल्ली-मुंबईतल्या कंपन्यांच्या बाबतीत हे खरे असेलही. पण कुडव्याहून गोंदियाच्या न्यायालयात जाणारी, धुणीभांडी करणारी बाई वकीलपत्रावर जिथे बोट दाखवले तिथे सही करते. तिचे नियंत्रण कशावर?

माझ्या कामात सर्वाधिक दिसणारा चुकीचा सल्ला म्हणजे नोटरीची फारकत. "स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या, दोघांच्या सह्या करा, झाले मोकळे." बौद्धांना १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू आहे. (स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी हा वेगळा विषय.) न्यायालयाच्या हुकूमनाम्याशिवाय नुसत्या नोटरीने घटस्फोट होत नाही. त्या कागदाच्या भरवशावर कोणी दुसरे लग्न करतो आणि पोटगी किंवा पेन्शनची वेळ आली की सगळे उघडे पडते. तोवर सल्ला देणारा फी घेऊन मोकळा झालेला असतो.

मग दाद कुठे मागायची? अधिवक्ता कायदा, १९६१ च्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ती ताकीद देते, सनद निलंबित करते, फार तर यादीतून नाव काढते. नुकसानीचा एक रुपया देत नाही. शिवाय पुण्याच्या खांडेकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सांगून ठेवले आहे की, चुकीचा सल्ला आणि गैर सल्ला यांत मोठे अंतर आहे. हेतू वाईट नसेल तर नुसता हलगर्जीपणा हे व्यावसायिक गैरवर्तन नव्हे. तत्त्व म्हणून मला हे पटते. प्रामाणिक चूक आणि लबाडी एकाच तराजूत तोलू नयेत. पण बाईचे नुकसान दोन्हीकडे सारखेच होते.

उरतो दिवाणी दावा. १९२६ च्या वकील फी कायद्याच्या कलम ५ नुसार केवळ वकील आहे म्हणून कोणी हलगर्जीपणाच्या दाव्यातून सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ते मान्यही केले. म्हणजे जबाबदारी कागदावर आहे. ती सिद्ध करायला मात्र दुसरा वकील हवा, आणि लहान शहरात रोज एकत्र चहा पिणाऱ्या सहकाऱ्याविरुद्ध कोण उभा राहणार? पुरावा काय देणार? सल्ला तोंडी, फी रोख, पावती नाही.

म्हणून फीची पावती मागाच. सल्ला दोन ओळींत का होईना, लिहून घ्या, निदान व्हॉट्सॲपवर तरी. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला १९८७ च्या विधी सेवा कायद्याने उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी गोंदियाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, आणि तो नोटरीकडे जाण्याआधी करायचा असतो.