मुलांना वचनं चालीवर शिकवा, आणि मराठीत शिकवा

शरणपूर, नाशिकरोड, देवळाली, जिथे जिथे रविवारी संडे स्कूल भरतं, तिथल्या ताई-दादांना आणि मुलांच्या आई-वडिलांना ही विनंती आहे. मुलांकडून वचनं घोकून घेऊ नका. ती त्यांना गायला शिकवा.

आपल्याकडची बरीच मुलं आज इंग्रजी माध्यमात शिकतात. ती मराठी अस्खलित बोलतात, पण पवित्र शास्त्र उघडून दिलं की जोडाक्षरांशी अडखळतात. मग मूल वाचताना लाजतं, घरच्या भक्तीत गप्प बसतं आणि हळूहळू आजीची प्रार्थना त्याला परकी वाटू लागते. मला याची मनापासून काळजी वाटते. कानावर पडलेल्या गाण्याला मात्र वाचता येण्याची अट नसते. चार वर्षांचं पोर आणि आठवीतली मुलगी तेच वचन एकाच वेळी शिकू शकतात.

ही काही नवी कल्पना नाही. अनुवाद या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात देव मोशेला गीत लिहून ते इस्राएल लोकांच्या तोंडी बसवायला सांगतो. स्तोत्रसंहिता तर गाण्यासाठीच आहे. आपल्या भाषेतही ही वाट जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होते, पण 1616 साली गोव्यात राशोलला छापलेलं त्यांचं ख्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे, कारण इथल्या माणसांच्या कानाला ओवीची सवय होती. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांना लहानपणी लिहिता-वाचता येत नव्हतं; टिळकांनी त्यांना पुढे अक्षरं शिकवली. त्याच लक्ष्मीबाईंनी नंतर कीर्तनं केली आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पूर्ण केलं. त्यांची अखेरची वर्षं नाशिकातच गेली. त्यांच्या गावात आपण मुलांना फक्त परदेशी चालींची गाणी शिकवावीत, हे मला पटत नाही. ती गाणी वाईट नाहीत. पण ओवी, पाळणा, भजनाचा ठेका हेही आपल्या मुलांना मिळालंच पाहिजे.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगतो. आधी पाठ एकच ठरवा. घरात एक भाषांतर आणि चर्चमध्ये दुसरं, असं झालं की मुलं शब्दांत गोंधळतात. उपासनेत जे वाचलं जातं तेच घ्या आणि चालीत बसावं म्हणून त्यातला शब्द बदलू नका. गुंफून रचलेलं भक्तिगीत वेगळं आणि वचन वेगळं. भक्तिगीतही जरूर गा, पण पाठांतराला मूळ शब्दच हवेत.

वचन गद्यात असतं, म्हणून ते ओवीत जसंच्या तसं बसत नाही. त्याची घाई नको. आधी ते दोन-तीन वेळा सावकाश मोठ्याने म्हणा आणि श्वास कुठे घ्यावासा वाटतो ते बघा. योहान 3:16 घ्या. देवाची प्रीती, दिलेला पुत्र, विश्वास ठेवणाऱ्याचा टळलेला नाश आणि सार्वकालिक जीवन, असे त्याचे अर्थानेच चार तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्याला एक ओळ द्या. तीन-चार सुरांत फिरणारी साधी चाल आणि केरव्याचा ठेका पुरतो. दीर्घ अक्षरावरच सूर लांबवा. 'नाश' मधला 'ना' लांबवता येतो, पण 'जगावर' मधला 'ज' ओढला की शब्द मोडतो आणि मूल तोच मोडका शब्द आयुष्यभर म्हणतं. शेवटी पुस्तक, अध्याय आणि वचनाचा क्रमांक हेही त्याच चालीत म्हणा. संदर्भ वेगळा पाठ करायला लावला की तोच आधी विसरला जातो.

गाजलेल्या सिनेमाच्या चालीवर वचन बसवण्याचा मोह टाळा. चाल सुरू झाली की मुलांच्या मनात आधी सिनेमाचे शब्द येतात.

हार्मोनियम वाजवणाऱ्यांना एक विनंती. आपल्या गळ्याच्या पट्टीत सुरुवात करू नका. मुलांना आधी मोकळेपणी गाऊ द्या, त्यांचा सूर शोधा आणि मग पेटी त्यावर आणा. खालच्या पट्टीत मुलं पुटपुटतात, फार वरच्या पट्टीत ओरडतात.

सुरुवातीला 136 वं स्तोत्र उत्तम. त्याच्या सव्वीसही वचनांचा शेवट एकच आहे, त्यामुळे लहान मुलं पहिल्याच दिवशी तो शेवट उचलतात आणि पुढची ओळ मोठ्या मुलांनी म्हणायची.

गाणं आलं म्हणजे वचन आलं, असं मात्र समजू नका. चालीवर म्हणणाऱ्या मुलाला मध्येच विचारलं तर ते पहिल्यापासून गाऊ लागतं. म्हणून चाल बसली की एकदा ती बाजूला ठेवून वचन साध्या बोलण्यात म्हणून घ्या. 'सार्वकालिक' म्हणजे काय, हे त्याच दिवशी त्याच्या भाषेत सांगा. पाठांतर स्पर्धांमध्ये धाडधाड म्हणणाऱ्याला बक्षीस देण्याऐवजी अर्थ सांगणाऱ्याला द्यावं, असं मला वाटतं.

मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून देणं पुरेसं नाही. शाळेत सोडताना स्कूटरवर, पोळ्या लाटताना, रात्री अंथरूण घालताना तुम्ही स्वतः गा. आवाज बरा नसला तरी गा, कारण मूल तुमच्या तोंडाकडे बघून शिकतं. रोज दहा मिनिटं पुरे, आणि आठवड्याला एकच वचन घ्या. मागचं वचन दर रविवारी पुन्हा म्हणा, नाहीतर मे महिन्याच्या शिबिरात शिकलेलं जूनमध्ये शाळा सुरू होताच विसरलं जातं.

काही मुलं गात नाहीत. बारा-तेराच्या मुलांचा आवाज फुटत असतो आणि ती संकोचतात. त्यांच्यावर जबरदस्ती नको. त्यांच्या हाती खंजिरी किंवा टाळ द्या आणि वर्गातल्या लहानांना ठेका देण्याचं काम सोपवा. ठेका धरायचा तर शब्दांवर लक्ष ठेवावंच लागतं.