पत्र्याच्या छपराच्या बाजू बंद कराव्या काय?

गणपतीपुळ्याहून मालगुंडकडे येताना वाडीवाडीतून हल्ली लोखंडी खांबांवर उभारलेली पत्र्याची छपरे जागोजाग दृष्टीस पडतात. गाडी ठेवण्याच्या निमित्ताने ती उभी राहतात. पुढे त्यांच्याचखाली पॉवर टिलर, फवारणीचा पंप, आंब्याच्या पेट्या, गवताचे भारे व खताची पोती यांस आसरा मिळतो. मग आषाढात पश्चिमेचा पाऊस आडवा आत शिरतो, सामान भिजते, आणि तीन बाजूंस पत्रे ठोकले म्हणजे काम झाले, असे मालकास वाटू लागते. हा विचार स्वाभाविक असला तरी घातक आहे. तो कसा, हे शेतकरी बंधूंच्या नजरेस आणावे, एवढाच या लेखाचा हेतू होय.

प्रथम आपली जुनी वहिवाट पाहावी. खळ्यातील मांडव पावसाळा सरल्यावर घालीत व पुढील पावसाळ्यापूर्वी उतरवीत; पावसाळी वाऱ्याशी त्याची गाठच पडत नसे. पडवीच्या पावसाळी अंगास तेवढ्या दिवसांपुरते झाप बांधीत. झाप वारा गाळून आत घेतो, पत्रा वारा अडवितो. सगळे मर्म या भेदात आहे. आजचे छप्पर मांडवासारखे नुसत्या खांबांवर उभे असते, पण घरासारखे बारमाही टिकावे अशी आपण त्याजकडून अपेक्षा करितो.

चारही बाजू मोकळ्या असता वारा एकीकडून शिरून दुसरीकडून निघून जातो. तीन बाजू बंद करून तोंड उघडे ठेविले, आणि वारा त्या तोंडाने शिरला, म्हणजे त्यास वाट उरत नाही. तो आतून छपरास वर लोटतो व त्याच वेळी वरून जाणारा वारा छपरास वर ओढतो. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरास सुमारे ४७ किलो भरतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. १० फूट रुंद व २० फूट लांब छपरावर आतील लोट व वरील ओढ मिळून एवढाच भार धरला, तरी तो ८५० किलोंच्या वर जातो. तेवढ्या छपराच्या पत्र्यांचे स्वतःचे वजन मात्र १०० किलोंच्या आसपास असते. म्हणजे ते छप्पर केवळ खांबांच्या मुळांवर व स्क्रूंच्या पकडीवर तगून असते.

आमचे छप्पर पूर्वेकडे तोंड करून आहे, सबब आम्हांस भय नाही, असे कोणी म्हणेल. नित्याच्या पावसाळी वाऱ्यापुरते ते खरे. वादळाच्या बाबतीत नव्हे. वादळ किनाऱ्यालगत उत्तरेस सरकू लागले म्हणजे आपल्याकडे वारा प्रथम पूर्व-आग्नेयेकडून सुटतो, मग दक्षिणेकडून व शेवटी नैर्ऋत्येकडून वाहतो. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यासमोरून याच दिशेने उत्तरेस गेले. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यास लागले आणि दापोली-मंडणगडकडे घरोघरचे पत्रे उडाले. उडालेला पत्रा केवळ मालकाचे नुकसान करीत नाही. तो शेजाऱ्याच्या अंगणात, विजेच्या तारांवर अथवा माणसाच्या अंगावर जाऊन पडतो.

मग सामान भिजू द्यावे काय? मुळीच नाही. परंतु क्रम बदलावा. बाजूंचा विचार पायानंतर करावा. प्रत्येक खांब दीड फूट लांब, रुंद व खोल अशा काँक्रीटच्या ठोकळ्यात रोवला, तर एकेक ठोकळा सव्वादोनशे किलोंच्या आसपास भरतो; सहा खांबांचे मिळून वरील भारास पुरून उरते. पुळणीच्या जागी याहून खोल जावे. खांबांमध्ये तिरके आधार जोडावे, आणि पत्र्याच्या कडांना व कोपऱ्यांना स्क्रू दाट मारावे.

त्यानंतर पावसाळी अंगास तीन-चार फुटांपर्यंत जांभ्या चिऱ्याची भिंत घालावी, तीवर झाप किंवा शेडनेटची जाळी बांधावी, व छपराखाली फूटभर जागा मोकळी सोडावी. पावसाचा बहुतेक मारा एवढ्याने अडतो. ताडपत्री बांधावयाची तर वादळाची सूचना मिळताच ती सोडावी. एरवी ती गलबताच्या शिडाचे काम करील. पुरी बंद खोलीच हवी असेल, तर चारही बाजू भक्कम दारासह बंद कराव्या, समोरासमोर झरोके ठेवावे, आणि ते काम जाणत्या कारागिराकडून घर समजून करवावे. अर्धवट खोली ही सर्वांत वाईट.

हवा कोंडण्याचे तोटे आणखीही आहेत. बंद पत्र्याच्या आतल्या अंगास पावसाळ्यात दव सुटते, गवतास बुरशी येते, आणि खाऱ्या हवेत पत्र्याच्या कापलेल्या कडा व स्क्रूंची भोके प्रथम गंजतात. खताची पोती पत्र्यास टेकवून ठेवू नयेत, आणि पत्र्याची खालची कड जमिनीपासून वीतभर वर असावी. बंद जागेत इंजिन चालू ठेवणे तर जिवावरचे आहे. त्याच्या विषारी धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

पत्र्यांपेक्षा पायावर खर्च करणे आपणांस जड जाते, कारण पाया कोणास दिसत नाही. परंतु ज्याचे छप्पर जागेवर राहिले, त्याच्या शेजाऱ्याचेही घर वाचते. सबब येत्या मृगापूर्वी प्रत्येकाने आपल्या छपराचे खांब एकवार हलवून पाहावे आणि मगच बाजूंच्या पत्र्यांची मोजमापे घ्यावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.