बापाची मजुरी आणि लेकराची शाळा

२०२५ सालापर्यंत जगातून बालमजुरी हद्दपार करू, अशी प्रतिज्ञा संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून जगातील सर्व सरकारांनी २०१५ साली केली होती. ती मुदत उलटून गेली आहे. २०२४ साली जगात १३ कोटी ८० लाख मुले बालमजुरीत जखडलेली होती, असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांचाच अंदाज आहे. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेने ५ ते १४ वयाची एक कोटीहून अधिक मुले कामावर असल्याची नोंद केली होती. ही मुले शाळेत का नाहीत, या प्रश्नाला सत्ताधारी आणि मालकवर्ग यांच्याकडून एकच उत्तर मिळते: गरिबाला पोराची कमाई हवी असते, त्याला कोण काय करणार?

हे उत्तर नागपूरकरांना नवे नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी येथे सुरू झाली. त्यानंतर चार वर्षांनी, १८८१ साली, हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलास नऊ तासांहून अधिक राबवू नये, एवढेच तो सांगत होता. तरीही गिरणीमालकांनी आकांत केला. राष्ट्रवादी वृत्तपत्रांपैकी बहुतेकांनी त्यांची बाजू घेतली आणि हा लँकेशायरच्या कापडवाल्यांचा डाव असल्याचे बजावले. लँकेशायरचा स्वार्थ त्यात होताच, पण त्यामुळे साच्याशी उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या पोराचे तास कमी होत नव्हते. श्रमिकांच्या बाजूने कायद्याचा आग्रह धरणारे नारायण मेघाजी लोखंडे त्या काळी एकाकी होते. १८९१ साली किमान वय नऊ झाले आणि मुलांचे तास सातांवर आले. गिरण्या त्यामुळे बुडाल्या नाहीत.

आज हाच वाद जगाच्या पाठीवर नव्या वेषात चालू आहे. १९९२ साली अमेरिकेच्या सिनेटर हार्किन यांनी मुलांनी बनविलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालण्याचे विधेयक मांडले. त्याच्या नुसत्या धास्तीने बांगलादेशातील कपडे कारखान्यांनी हजारो मुलांना रस्त्यावर काढले आणि त्यांतील कित्येक मुले दगड फोडण्यासारख्या अधिक वाईट कामांना लागली. १९९६ साली कर्नाटकातील कुंदापूर येथे अनेक देशांतील कामकरी मुलांचे प्रतिनिधी जमले. मालावरील बहिष्काराला विरोध करून त्यांनी सन्मान, सुरक्षितता आणि शिक्षण मागितले. बोलिव्हियाने २०१४ साली काही अटींवर दहा वर्षांच्या मुलांना कामाची मुभा दिली आणि २०१८ साली ती मागे घेतली. उलट, आंध्रात शांता सिन्हा यांच्या एम. व्ही. फाउंडेशनने असे ठामपणे मांडले की, शाळेबाहेरचे प्रत्येक मूल हे बालमजूरच होय आणि गरीब आईबापांना शाळा हवीच असते.

कुंदापूरच्या मुलांचे म्हणणे हेटाळण्याजोगे नाही. पर्याय न देता घातलेली बंदी मुलाच्या तोंडचा घास काढते, हे बांगलादेशाने दाखविले आहे. परंतु त्यावरून मुलांना कामास मोकळीक द्यावी असा निष्कर्ष निघत नाही. पोर स्वस्तात मिळते म्हणून बापाची मजुरी पडते आणि बापाची मजुरी पडली म्हणून पोराला कामावर यावे लागते. ज्या दारिद्र्याचे कारण पुढे करून बालमजुरीचे समर्थन केले जाते, ते दारिद्र्य बालमजुरीच पोसते. म्हणून बंदी, प्रौढांना पुरेसे वेतन आणि शाळा या तीन मागण्या एकत्रच केल्या पाहिजेत.

१९८६ च्या बालमजुरी कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना सर्व उद्योगांत बंदी केली, ही गोष्ट चांगली झाली. पण त्याच हाताने शाळेच्या वेळेनंतर ‘कौटुंबिक उद्योगात’ मदत करण्याची सूट दिली. कंत्राटावर घरी आणलेल्या विड्या वळणारे कुटुंब हा उद्योग की शोषण? घराच्या उंबरठ्याआड कोणता निरीक्षक जाणार?

मिहानकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा या गावांच्या जमिनींवर हा प्रकल्प उभा राहिला. एम्स आणि आय.आय.एम. यांच्या भव्य वास्तू तेथे झाल्या आणि बांधकामे अद्याप संपलेली नाहीत. अशा कामांवर मध्य प्रदेश, छत्तीसगडमधून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. बांधकामावर राबणाऱ्या मुलाचे नाव हजेरीपटावर कधीच नसते. आई घमेले उचलते तेव्हा धाकट्याला सांभाळणारी नऊ वर्षांची मुलगी कोणत्याच कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, आणि तिची शाळा मात्र बुडते. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कामांवर पाळणाघर सक्तीचे केले होते, ते या मुलीसाठीच होते. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरविले आहे. पालकाने दारी येऊन अर्ज करण्याची वाट पाहणे म्हणजे ते कर्तव्य पार पाडणे नव्हे.

नागपूरच्या कार्यकर्त्यांनी म्हणून केवळ निषेधाच्या ठरावावर थांबू नये. बांधकामांवरील वस्त्यांत जाऊन मुलांची गणना करावी. ती यादी हाती घेऊन महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांच्या शिक्षण खात्यांकडे प्रवेशाची मागणी करावी आणि हिंदी माध्यमाच्या वर्गांचा आग्रह धरावा. जेथे पाळणाघर नाही तेथे कंत्राटदाराबरोबर मूळ मालकालाही जाब विचारावा. किमान वेतन मिळते की नाही, हे मजुरांच्या हातातील रकमेवरून तपासावे. मजुरांची नोंदणी करून उपकरातून जमलेला कल्याण निधी त्यांच्यापर्यंत पोचवावा. काम किचकट आहे आणि त्यात टाळ्या नाहीत. पण लोखंड्यांच्या काळापासून श्रमिकांच्या मुलांचा एक एक तास असाच सोडवावा लागला आहे.