आईने कोरलेले ठसे

ऑगस्ट १९१४. पहिले महायुद्ध पेटले आणि बर्लिनमधला अठरा वर्षांचा पीटर सैन्यात जायला निघाला. वय लहान, म्हणून वडिलांची परवानगी हवी. वडिलांनी साफ नकार दिला. पोराने आईकडे पाहिले. आईने त्याच्यासाठी रदबदली केली आणि परवानगी मिळाली. ऑक्टोबरात बेल्जियमच्या आघाडीवर पीटर मारला गेला.

ही आई म्हणजे जर्मनीची नामवंत मुद्राचित्रकार केटे कोलविट्स. विणकरांच्या उठावावरची तिची ठशांची चित्रमालिका १८९८ मध्येच गाजली होती. परक्यांचे दुःख इतके सहज उमटवणाऱ्या या बाईला स्वतःचे दुःख मात्र काही केल्या उमटवता येईना. एचिंग करून पाहिले, शिळाछाप करून पाहिला; मनासारखे होईना. १९२० साली अर्न्स्ट बार्लाख या शिल्पकाराचे लाकडी ठसे तिच्या पाहण्यात आले आणि वाट सापडली. लाकडात जेवढे कोरून काढावे तेवढे कागदावर पांढरे राहते, बाकी सारे काळे. नाजूक छटांचे लाड तिथे चालत नाहीत. तिला तेच हवे होते.

'युद्ध' ही सात ठशांची मालिका १९२३ साली प्रसिद्ध झाली. तोफा, खंदक, शत्रू यांतले त्यात काहीच नाही. पहिल्या चित्रात आई तान्हे मूल दोन्ही हातांनी पुढे करते आहे. चित्राचे नाव 'बळी'. दुसऱ्यात मृत्यू ढोल बडवत निघाला आहे आणि तरुण पोरे भान हरपून त्याच्यामागे. मृत्यूला अगदी खेटून आहे तो पीटर. मग एकमेकांत मिटून गेलेले आईबाप, विधवा, मुलांना मध्ये घेऊन कडे केलेल्या आया. युद्धाचा दोष राजाचा, सेनापतींचा होताच. पण मूल पुढे करणारे ते हात आईचे आहेत, हे तिने झाकले नाही.

पीटर जिथे पुरला होता त्या दफनभूमीत दगडातले आईबाप बसवायला १९३२ साल उजाडले. दोघेही गुडघे टेकलेले, पण चौथरे वेगवेगळे.

१९४२ च्या सुरुवातीला, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तिने आणखी एक शिळाछाप पुरा केला. म्हातारी आई तीन पोरांना आपल्या बाहूंखाली दडपून धरते आहे आणि पोरे मात्र उत्सुकतेने बाहेर डोकावताहेत. त्याच वर्षी तिचा नातू रशियाच्या आघाडीवर पडला. काकाच्या नावावरून त्याचे नाव पीटरच ठेवले होते.