नवा फोन आणि त्याचा चालू खर्च

हल्ली आमच्या मलकपेठेच्या गंजात धान्याच्या भावाइतकीच चर्चा नव्या फोनची चालते. ५-जीचा फोन घ्यावा की जुन्यावरच भागवावे, हा प्रश्न तरुण मंडळी घरोघर वडीलधाऱ्यांपुढे ठेवीत आहेत. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु जो खर्च दरमहा पुन्हा उभा राहतो, तो व्यापाऱ्याने क्षुल्लक मानू नये, असे आमचे मत आहे.

लातूरची तूर खरेदी करताना आपण केवळ पोत्याचा भाव पाहत नाही. हमाली, तोलाई, अडत, बारदान व मोटारभाडे धरून माल दुकानी कितीस पडतो, याचा हिशेब करतो. फोन घेताना मात्र आपण दर्शनी किंमत पाहून मोकळे होतो. अमेरिकेत सेवा देणारी कंपनीच पुष्कळदा हप्त्याने फोन देते व ग्राहकास दोन-तीन वर्षे बांधून घेते. आपल्याकडे बहुधा फोन एका दुकानी आणि सेवा दुसऱ्याकडे. म्हणून दोन्ही रकमा एका पानावर येतच नाहीत.

देशात मोबाईल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली, तेव्हा येणाऱ्या फोनचेही पैसे पडत. २०१६ साली जिओ आल्यावर दर कोसळले आणि स्वस्ताईची सवय जडली. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर चढविले. त्या वेळच्या जिओच्या दरपत्रकात २८ दिवसांस २९९ रुपयांत रोज दीड जीबी व ३४९ रुपयांत रोज दोन जीबी मिळे. आणि अमर्याद ५-जी रोज दोन जीबी वा त्याहून मोठ्या योजनेसच होते. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरल्यास वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरावे लागतात. म्हणजे वरच्या योजनेस वर्षाकाठी ४,५३७ रुपये. खालच्या योजनेहून ६५० रुपये अधिक.

समजा, १८,००० रुपयांचा फोन घेतला. तो चार वर्षे वापरल्यास वर्षास ४,५०० रुपये पडतो; दोनच वर्षांत बदलल्यास ९,०००. चार फोनांच्या कुटुंबात हा फरक वर्षास १८,००० रुपये होतो. जुन्या फोनचे मोडीत येतील तेवढे वजा करावेत. तरी उरणारी रक्कम लहान नाही. शिवाय या किमतीत १८ टक्के जीएसटी आहे. खुल्या धान्यावर कर नसल्यामुळे केवळ त्याचाच व्यापार करणाऱ्यास फोनवरील कर वळता करून घेता येत नाही. तो सारा आपल्या पदरचा.

नवे घेऊच नये, असे आमचे म्हणणे नव्हे. आज दुकानाचे बँक खाते फोनमध्ये आले आहे. ज्या फोनास कंपनीकडून सुरक्षिततेच्या सुधारणा मिळणे बंद झाले, त्यावर यूपीआयचा व्यवहार चालविणे म्हणजे मोडक्या कुलपाच्या गोदामात माल ठेवणे होय. असा फोन अवश्य बदलावा. परंतु केवळ बॅटरी दमली असेल, तर ती बदलून घ्यावी. आणि भाव विचारणे, काट्याच्या पावतीचे छायाचित्र धाडणे, पैसे चुकते करणे एवढेच काम असेल, तर त्यास ४-जी पुरेसे आहे. तेवढ्यासाठी ५-जीचा खर्च अंगावर घेण्याचे कारण नाही.

घरातील ज्या वृद्धांस केवळ बोलणेच करावयाचे असते, त्यांच्यासाठी डेटाचे पैसे का भरावे? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त बोलणे व संदेश यांच्या स्वतंत्र योजना ठेवणे कंपन्यांस बंधनकारक केले. त्यांची चौकशी करावी.

शेवटी एक मुद्दा दुकानातील मनुष्यांचा. मुनीमजी पेढीचे निरोप, पावत्या व वसुली स्वतःच्या फोनवर करतात आणि भरणाही पुष्कळदा स्वतःच्या पगारातून करतात. तो खर्च पेढीचा आहे. तो पेढीच्या वहीतच पडला पाहिजे. घरातील चौथा नवा फोन एक वर्ष लांबविला, तर मुनीमजींचा एका वर्षाचा भरणा त्यातून सहज निघेल. व्यापारी बांधवांनी येत्या पाडव्यास नवी वही घालताना हे एक खाते आठवणीने उघडावे, अशी आमची विनंती आहे.