बाळाचें पहिलें अन्न

येथें मालेगांवीं एका स्नेह्यांच्या घरीं नातू झाला. आजीबाईंनीं आम्हांस विचारलें, "गुरुजी, चीक पिळून टाकावा ना? आणि मध केव्हां चाटवावा?"

जातकर्मांत मध-तुपाचें प्राशन सांगितलें आहे, हें आम्ही जाणतों. आमच्या मुलांसही तें चाटविलें होतें. तथापि मधांत क्वचित् असणाऱ्या जंतुबीजांमुळें वर्षाच्या आंतील बाळास अंग लुळें पाडणारा विकार जडूं शकतो. म्हणून मंत्र म्हणावेत, मध देऊं नये. चीक हें तर बाळाचें पहिलें कवच. तो तासाभरांत पाजावा. सहा महिने आईचेंच दूध. घुटी नको, पाणीही नको. नाळेस कांहीं लावूं नये. पहिल्या दिवशीं न्हाऊं न घालतां उराशीं धरून ऊब द्यावी.

गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९९३ ते १९९८ या काळांत गांवच्याच स्त्रियांस नवजाताची शुश्रूषा शिकविली; तेथील नवजातांचे मृत्यु सुमारें ६२ टक्क्यांनीं घटले. आतां आशाताई घरीं येतात. परंतु बाळ दूध ओढीनासें झालें, निपचित पडलें वा गार लागलें, तर कोणाचीही वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

आजीबाईंनीं मधाची वाटी बाजूस सारली. वाचकभगिनींनींही तसेंच करावें, ही विनंति.